दोन घरचा पाहुणा: किर्स्टन सिनेमा यांनी निवडणूक का सोडली

५ मार्च २०२४ हा मंगळवार होता. अमेरिकेतल्या पंधरा राज्यांत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मतदान चालू होतं आणि वाहिन्यांचे सगळे कॅमेरे तिकडे वळलेले होते. त्या गडबडीत ॲरिझोनाच्या सिनेटर (सिनेट म्हणजे अमेरिकी संसदेचं वरिष्ठ सभागृह) किर्स्टन सिनेमा यांनी समाजमाध्यमावर एक छोटी चित्रफीत टाकली. वर्षअखेर आपण सिनेट सोडणार, पुन्हा उभं राहणार नाही, एवढाच निरोप. पत्रकार परिषद नाही, समर्थकांचा मेळावा नाही, कुणाचे डोळे पुसणं नाही. (आडनाव खरंच सिनेमा आहे. मराठी वाचकाला पहिल्यांदा हसू येतं, त्याला इलाज नाही.)

चित्रफितीतला आशय असा: मी ऐकून घेण्याचा, समजून घेण्याचा, एकत्र बसून काम मार्गी लावण्याचा रस्ता धरला. पण लोक आपापल्या कोपऱ्यात मागे सरकत गेले, तडजोड ही शिवी झाली, देशाने राग आणि फूट निवडली. माझ्या पद्धतीवर माझा विश्वास आहे, पण अमेरिकेला सध्या ती नको आहे.

थोडक्यात, पेशंटला दोष देऊन डॉक्टर निघून गेले. या प्रकरणात तपासायचं आहे ते हे निदान. तडजोड करते म्हणून लोकांनी नाकारलं, हे खरं का? मला ते अर्धंच खरं वाटतं. सिनेमा यांना वॉशिंग्टनमध्ये जे बळ मिळालं होतं ते तडजोडीचं होतं त्याहून जास्त शेवटच्या मताचं होतं. आणि ज्याचं मत शेवटपर्यंत कुणाच्याच खिशात नसतं, त्याला मतदानाच्या दिवशी आपलं म्हणणारंही कुणी उरत नाही.

तीच खुर्ची, दुसऱ्यांदा

आधी खुर्चीकडे बघू, कारण तिचा इतिहास मोठा बोलका आहे. ॲरिझोनाच्या या जागेवर १९९५ ते २०१३ जॉन काइल हे रिपब्लिकन होते. २०१२ च्या निवडणुकीत त्याच पक्षाचे जेफ फ्लेक आले. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी फ्लेक सिनेटच्या सभागृहात उभे राहिले आणि पुन्हा लढणार नसल्याचं जाहीर केलं. ट्रम्प यांच्यावर उघड टीका केल्यामुळे स्वतःच्याच पक्षाचे मतदार त्यांच्यावर उलटले होते. आपल्यासारख्या रिपब्लिकनाला सध्याच्या पक्षात जागा दिसत नाही, असं ते त्याच दिवशी म्हणाले. एकच कार्यकाळ, आणि घरी.

त्या वेळी त्यांच्याविरुद्ध उभ्या राहायला निघालेल्या डेमोक्रॅट उमेदवार होत्या किर्स्टन सिनेमा. त्यांनी महिनाभर आधीच, सप्टेंबर २०१७ मध्ये, उमेदवारी जाहीर केली होती. म्हणजे पक्षाच्या गाभ्यातल्या मतदारांशी बिनसलं की सिनेटरचं काय होतं, याचा धडा त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांनाच हव्या असलेल्या खुर्चीवर घडला होता. सहा वर्षांनी त्याच खुर्चीवरून, एकच कार्यकाळ करून, त्याही उठल्या. फरक इतकाच की फ्लेक पक्षात राहून एकटे पडले आणि सिनेमा पक्ष सोडून.

माणूस कसा घडला

सिनेमा यांचा जन्म १९७६ चा, टूसॉनचा. आईवडिलांच्या घटस्फोटानंतर बालपणीचा काही काळ फ्लोरिडात एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपाच्या इमारतीत, नळ आणि वीज नसताना काढला, असं त्या सांगत आल्या. तरुणपणी समाजकार्य, ग्रीन पक्षाचं काम, इराक युद्धाविरुद्धची निदर्शनं. २००२ मध्ये राज्याच्या विधानसभेसाठी अपक्ष उभ्या राहिल्या आणि आपटल्या. २००४ मध्ये डेमोक्रॅट म्हणून उभ्या राहिल्या आणि आल्या.

२००६ ची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. समलिंगी विवाहावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती त्या वर्षी ॲरिझोनात मतदानाला आली. तोवर अशा दुरुस्त्या राज्यामागून राज्यात सहज मंजूर होत होत्या. विरोधी मोहिमेचं नेतृत्व सिनेमा यांच्याकडे होतं, आणि त्या स्वतः उभयलिंगी आकर्षण असलेल्या. पण प्रचारात त्यांनी समलिंगी जोडप्यांना जवळजवळ मागेच ठेवलं. पुढे आणली ती लग्न न करता एकत्र राहणारी म्हातारी स्त्री-पुरुष जोडपी. ही दुरुस्ती झाली तर आजीआजोबांचे विम्याचे आणि दवाखान्यातले हक्क जातील, हा मुद्दा दारोदार पोचवला. समलिंगी चळवळीतले काही कार्यकर्ते दुखावले. दुरुस्ती मात्र पडली, आणि असा प्रस्ताव मतदारांनी फेटाळण्याची देशातली ती पहिली वेळ होती.

(दोन वर्षांनी दुसऱ्या, जास्त आखूड मसुद्याच्या रूपात ती मंजूर झालीच. पण तो पुढचा भाग.)

या प्रसंगातून सिनेमा यांनी घेतलेला धडा ढोबळमानाने असा दिसतो: आपल्या लोकांना दुखावलं तरी चालेल, निकाल लागला पाहिजे. धडा चुकीचा नव्हता. तो कुठवर ताणायचा, हा प्रश्न होता.

२०१२ मध्ये त्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात गेल्या आणि तिथे पक्षाच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. २०१८ मध्ये मार्था मॅकसॅली यांना जेमतेम अडीच टक्क्यांच्या आत हरवून सिनेटवर. १९८८ नंतर ॲरिझोनातून सिनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या डेमोक्रॅट, आणि राज्यातून निवडून आलेल्या पहिल्या महिला सिनेटर. त्या विजयात मध्यममार्गी मतदार होते हे खरंच, पण भर उन्हात दारोदार फिरून मतं मागणारे होते ते स्थलांतरितांच्या आणि कामगारांच्या संघटनांचे कार्यकर्ते.

पन्नास-पन्नास

२०२१ च्या जानेवारीत जॉर्जियातल्या फेरनिवडणुकांनंतर सिनेट ५०-५० झालं. बरोबरी झाली की उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत. याचा अर्थ, डेमोक्रॅट पक्षाला एकही मत गमावणं परवडत नव्हतं.

आपल्याकडे खासदाराने पक्षादेश मोडून मत दिलं तर दहाव्या परिशिष्टाखाली सदस्यत्वावर गदा येऊ शकते. सिनेटरला तसा कुणी हात लावू शकत नाही. त्याचा हिशेब सहा वर्षांनी होतो, आणि तोही आधी पक्षाच्या मतदारांसमोर, प्राथमिक निवडणुकीत. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे पन्नासांतल्या प्रत्येकालाच करता आलं असतं. सातत्याने केलं दोघांनी: वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन आणि ॲरिझोनाच्या सिनेमा.

मँचिन यांचं गणित सरळ होतं. त्यांच्या राज्याने ट्रम्प यांना प्रचंड मतांनी निवडलं होतं, तिथे डेमोक्रॅट टिकायचा तर असाच. शिवाय मँचिन दिवसभर पत्रकारांशी बोलत, रुसत, समजावत. ॲरिझोना २०२० मध्ये बायडन यांनी जिंकलं होतं, भले अकरा हजारांपेक्षाही कमी मतांनी. तिथल्या डेमोक्रॅट मतदाराला वाटत होतं की आपण हे राज्य फिरवलं, आता आपली बाई आपलं काम करील. आणि बाई तर फारशी बोलतच नव्हत्या. खुल्या सभा नाहीत, मुलाखती मोजक्या.

मग ५ मार्च २०२१. किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याची बर्नी सँडर्स यांची दुरुस्ती मतदानाला आली. सिनेमा पुढे आल्या, गुडघ्यात किंचित लवल्या आणि अंगठा खाली केला. अंगठा खाली करून मत देणं सिनेटमध्ये नवं नाही. ॲरिझोनाचेच जॉन मॅकेन यांनी २०१७ मध्ये ओबामांची आरोग्य योजना त्याच खुणेने वाचवली होती. दुरुस्ती ४२ विरुद्ध ५८ ने पडली. डेमोक्रॅट गटातल्या आठजणांनी विरोधात मत दिलं होतं. सिनेमा यांचं मत निर्णायक तर नव्हतंच. बाकी सातजणांची नावं आज किती जणांना आठवतात? लक्षात राहिला तो लवलेला गुडघा. सव्वासात डॉलरवर राबणाऱ्या माणसाच्या मागणीला नाही म्हणताना चेहऱ्यावर मौज दिसली, हे लोकांनी माफ केलं नाही. बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, ती चित्रफीत आली. योगायोगच, पण कुणी मुद्दाम निवडली असती तर हीच तारीख निवडली असती.

त्या काळात त्यांनी काम केलं नाही असं कुणी म्हणू नये. रस्ते, पूल, पाणी यांसाठीचा सुमारे १.२ लाख कोटी डॉलरचा कायदा त्यांनी ओहायोचे रिपब्लिकन रॉब पोर्टमन यांच्याबरोबर बसून जुळवला. तो सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० मतांनी मंजूर झाला. युवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर, जून २०२२ मध्ये, बंदुकांबाबत जवळपास तीन दशकांतला पहिला ठळक संघीय कायदा झाला, त्याच्या वाटाघाटीत त्या होत्या. डिसेंबर २०२२ चा विवाहहक्कांचा कायदा, ज्याने समलिंगी विवाहांना संघीय संरक्षण मिळालं, तिथेही होत्या. एका कार्यकाळात इतकं नावावर असणारे सिनेटर फार नाहीत.

पण त्याच हातांनी दुसरी कामंही केली. बायडन यांच्या साडेतीन लाख कोटी डॉलरच्या सामाजिक योजनेला त्यांनी जुलै २०२१ मध्येच नकार कळवला. कंपन्यांचा आणि श्रीमंतांचा कर-दर वाढवायला त्यांचा विरोध. ऑगस्ट २०२२ मध्ये हवामान आणि औषधांच्या किमतींचं विधेयक हॅरिस यांच्या मताने ५१-५० असं सुटलं, पण त्याआधी सिनेमा यांनी गुंतवणूक फंडांच्या व्यवस्थापकांना मिळणारी करसवलत बंद करणारं कलम काढायला लावलं. बदल्यात कोलोरॅडो नदीच्या दुष्काळासाठी ४०० कोटी डॉलर घातले. ॲरिझोनासाठी पाणी आणलं, ही बातमी व्हायला हवी होती. बातमी झाली ती फंडवाल्यांची, कारण त्याच क्षेत्रातून त्यांच्या निवडणूक निधीत घसघशीत देणग्या आल्या होत्या.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कार्यकर्ते त्यांच्या मागोमाग विद्यापीठातल्या स्वच्छतागृहापर्यंत गेले आणि तिथे चित्रण केलं. प्रकार हीनच होता. पण ते काय म्हणत होते तेही ऐकण्यासारखं आहे: तुमच्यासाठी आम्ही दारं ठोठावली होती.

जिथे दोर तुटला

खरा तुटण्याचा दिवस १३ जानेवारी २०२२. मतदानाच्या हक्कांचं विधेयक अडलं होतं फिलिबस्टरमुळे. या नियमामुळे बहुतेक कायद्यांवरची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच शंभरांतली साठ मतं लागतात. या एका विधेयकापुरता नियम वाकवावा म्हणून बायडन त्या दिवशी स्वतः कॅपिटल या संसदभवनात येणार होते. ते पोचण्याच्या काही वेळ आधीच सिनेमा यांनी सभागृहात भाषण करून सांगून टाकलं की विधेयकाला माझा पाठिंबा आहे, नियम बदलायला नाही.

त्यांचा युक्तिवाद कच्चा नव्हता. एकावन्न मतांनी केलेला कायदा पुढची एकावन्न मतं मोडतात; आज आपण कुंपण काढलं तर उद्या दुसऱ्यांची गुरं आपल्याच शेतात. पण अध्यक्ष दारात आले असताना, घरातल्या माणसाने आधीच अंगणात उभं राहून नाही म्हणणं, हे डेमोक्रॅट पक्षात कुणी विसरलं नाही. सहा दिवसांनी नियमबदल ४८ विरुद्ध ५२ ने पडला. २२ जानेवारीला ॲरिझोनाच्या डेमोक्रॅट पक्षाच्या कार्यकारिणीने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. महिला उमेदवारांना पैसा पुरवणाऱ्या मोठ्या संघटनेने पाठ फिरवली.

इथे त्याच राज्याचे दुसरे डेमोक्रॅट सिनेटर, माजी अंतराळवीर मार्क केली, यांच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. केलीही मवाळ, सीमेच्या प्रश्नावर स्वतःच्या अध्यक्षांवर टीका करणारे. पण नियमबदलाच्या मतदानात त्यांनी बाजूने मत दिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये, पक्षाला अवघड जाणाऱ्या वर्षात, ते सुमारे पाच टक्क्यांनी पुन्हा निवडून आले. तेच राज्य आणि तोच मतदार. तेव्हा ॲरिझोनाला मवाळ माणूस नको होता हे म्हणणं टिकत नाही. केली यांच्यावर रागावलेला डेमोक्रॅटही शेवटी त्यांना आपलाच मानत होता. सिनेमा यांच्याबद्दल तसं वाटणारे फार थोडे उरले होते.

पक्ष सोडणं, आणि सह्यांचं गणित

६ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियात राफाएल वॉर्नॉक जिंकले आणि डेमोक्रॅटांची मतं ५१ झाली. तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, सिनेमा यांनी पक्ष सोडून अपक्ष झाल्याचं जाहीर केलं. समित्यांवरच्या जागा डेमोक्रॅटांच्या बाजूनेच राखल्या. वेळ बघा: शेवटच्या मताची किंमत उतरली आणि तीन दिवसांत दुकानाची पाटी बदलली. कुणी याला तत्त्व म्हणेल. मला त्यात हिशेबही दिसतो, आणि हिशेब पक्का होता. फिनिक्सचे काँग्रेस सदस्य, इराक युद्धात लढलेले माजी मरीन रुबेन गॅलेगो, पक्षांतर्गत लढतीची तयारी करत होते आणि त्या लढतीत सिनेमा यांचा टिकाव कठीण होता. अपक्षाला ती लढतच नसते.

इथे २००६ चं कनेटिकटचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. डेमोक्रॅट सिनेटर जो लीबरमन तिथे पक्षांतर्गत निवडणूक हरले, मग अपक्ष उभे राहून जिंकले. पण ते उदाहरण ॲरिझोनाला लागू पडत नाही. एक तर तिथे अपक्षाला सह्या देण्याची मुदत प्राथमिक निवडणुकीच्या आधीच संपते. आधी हरून मग अपक्ष होण्याची सोय नाही. दुसरं, लीबरमन जिंकले कारण रिपब्लिकन उमेदवार अगदीच नावापुरता होता आणि त्या पक्षाची मतं गठ्ठ्याने त्यांच्याकडे आली. ॲरिझोनात रिपब्लिकनांकडे केरी लेक होत्या: वाहिनीवरचा ओळखीचा चेहरा, ट्रम्प यांच्या लाडक्या. ती मतं हलणारी नव्हती.

कागदावर मात्र चित्र मोहक होतं. ॲरिझोनाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी साधारण एक तृतीयांश कुठल्याच पक्षाचे नाहीत. एकीकडे डावे गॅलेगो, दुसरीकडे कडव्या लेक, मधलं मैदान मोकळं. पण पक्ष न लिहिणारा मतदार म्हणजे मधला मतदार नव्हे. त्यांतले बरेचसे दर निवडणुकीत एकाच बाजूला मत देतात, फक्त फॉर्मवर लिहीत नाहीत. शिवाय गॅलेगो यांनी आपली डावी धार हळूहळू बोथट करत नेली. मतचाचण्यांत सिनेमा तिसऱ्या क्रमांकावर अडकल्या.

एक पेच मात्र त्यांनी छान टाकला होता. सिनेटमधले डेमोक्रॅट नेते सव्वा वर्ष गॅलेगो यांना उघड पाठिंबा देऊ शकले नाहीत. सिनेमा चिडल्या तर गटातलं एक मत जायचं, आणि त्या लढल्या तर डेमोक्रॅट मतं फुटून लेक निवडून यायच्या. उमेदवारी न सांगता नुसतं गप्प राहण्यातही एवढं वजन होतं.

पण गप्प राहून निवडणूक लढता येत नाही. मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून यायला २०२४ मध्ये ४२ हजारांहून जास्त वैध सह्या लागणार होत्या, एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. सह्या गोळा करायला माणसं लागतात, आणि ती माणसं कधीच दुसऱ्या मांडवात गेली होती. गाठीला एक कोटीच्या वर डॉलर होते, तरी २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत नवे आले सहा लाखांच्या आत. गॅलेगो यांना त्याच काळात तेहेतीस लाखांच्या आसपास. जानेवारी संपेपर्यंत जाणकारांना उत्तर कळलं होतं.

तरीही एक डाव बाकी होता. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड आणि कनेटिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी यांच्यासोबत त्या कित्येक आठवडे सीमेच्या कायद्यावर बसल्या होत्या. हा जुळला असता तर मेक्सिकोला लागून असलेल्या राज्याची अपक्ष सिनेटर म्हणून सांगायला मोठी गोष्ट होती. ४ फेब्रुवारी २०२४ ला मसुदा बाहेर आला. ट्रम्प यांनी विरोध केला, आणि जे रिपब्लिकन असाच कडक कायदा मागत होते तेच मागे सरले. ७ फेब्रुवारीला साठ मतं हवी असताना पडली ४९. सीमेवर फोटो काढायला येणाऱ्यांनी ॲरिझोनात येऊ नये, असं सिनेमा सभागृहात संतापून म्हणाल्या. त्यांचा राग इतका खरा मला दुसऱ्या कुठल्या भाषणात दिसला नाही. आणि इथे त्यांचं निदान बरोबर होतं, हे मान्य करायला हवं: हा सौदा पडला तो केवळ निवडणुकीत मुद्दा जिवंत राहावा म्हणून. महिनाभराने चित्रफीत आली.

पुढचं थोडक्यात. त्या बाजूला होताच डेमोक्रॅट नेते गॅलेगो यांच्यामागे उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांनी ॲरिझोना साडेपाच टक्क्यांनी जिंकलं, आणि त्याच मतपत्रिकेवर गॅलेगो यांनी लेक यांना अडीच टक्क्यांच्या आसपास हरवलं. २०१८ मध्ये सिनेमा यांना मिळालेली आघाडी जवळपास तेवढीच होती.

सिनेटमधली त्यांची शेवटची ठळक बातमी ११ डिसेंबर २०२४ ची. कामगार आणि मालकांचे वाद बघणाऱ्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या अध्यक्ष लॉरेन मॅकफेरन यांची फेरनियुक्ती मतदानाला आली होती. ती झाली असती तर ट्रम्प आल्यावरही मंडळावर डेमोक्रॅटांचं बहुमत २०२६ पर्यंत राहिलं असतं. सिनेमा आल्या, विरोधात मत दिलं. मँचिन आले, त्यांनीही तेच केलं. नियुक्ती ४९ विरुद्ध ५० ने पडली. २०१८ मध्ये ज्यांनी त्यांच्यासाठी दारं ठोठावली होती त्यांत कामगार संघटनांची माणसं बरीच होती.